घरचं 'शुगर फ्री' चॉकलेट मधुमेहींना खरंच चालतं का? गूळ, खजूर, स्टीव्हिया आणि एरिथ्रिटॉलचा हिशेब

राखीपौर्णिमा जवळ आली की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चॉकलेटच्या डब्यांचे फोटो फिरायला लागतात. दिवाळीपर्यंत त्यांचा पूर येतो. चकचकीत कागद, वर सोनेरी फीत आणि खाली एक ओळ : 'होममेड, शुगर फ्री, डायबेटिक फ्रेंडली, फक्त गूळ आणि खजूर'. घरात मधुमेह असलेली आजी किंवा काका असतील तर डबा लगेच मागवला जातो. 'साखर नाहीये, खा की दोन-तीन' असा आग्रहही होतो.

पण त्या एका ओळीतच गोंधळ आहे. गूळ आणि खजूर असलेला पदार्थ शुगर फ्री नसतो. आणि खरोखर साखर नसलेलं चॉकलेटही मनसोक्त खाण्याची वस्तू नसते. 2023 मध्ये 'लॅन्सेट डायबिटीस अँड एंडोक्रिनॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरातला आहे.

घरी मधुमेहींसाठी चॉकलेट करता येतं. चांगलंही होतं. मात्र त्यासाठी आधी हे बघावं लागतं की नेहमीच्या 'होममेड' चॉकलेटमध्ये असतं काय.

बाजारातली वडी वितळवून साच्यात

लोणावळा, महाबळेश्वर किंवा उटीला मिळणारं आणि घरोघरी केलं जाणारं बरंचसं 'होममेड चॉकलेट' कंपाउंडच्या वडीपासून बनतं. डार्क, मिल्क किंवा व्हाइट कंपाउंडचा स्लॅब आणायचा, वितळवायचा, त्यात बदाम-मनुका टाकायच्या, साच्यात ओतायचा आणि फ्रीजमध्ये ठेवायचा. हे सोपं पडतं, कारण कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेलापासून केलेली घट्ट चरबी असते आणि ती फारसे लाड न करता व्यवस्थित सेट होते. स्वस्तही पडतं. 2024 मध्ये कोकोचे जागतिक दर टनाला 10 हजार डॉलरच्या वर गेल्यावर तर हा फरक आणखी जाणवू लागला.

या स्लॅबच्या मागची घटकांची यादी वाचली तर बहुतेक वेळा पहिलं नाव साखरेचं दिसतं. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे सगळ्यात जास्त साखरच. 'डार्क' कंपाउंडही त्याला अपवाद नाही. तिथे डार्क हा शब्द रंगाबद्दल सांगतो, साखरेबद्दल नाही. साध्या मिल्क चॉकलेटमध्येही निम्म्याच्या आसपास साखर असते. 10 ग्रॅमच्या एका तुकड्यात 5 ग्रॅम, म्हणजे एक चमचा. त्यामुळे कंपाउंडमध्ये वरून कितीही अक्रोड आणि जवस घातले तरी ते मधुमेहींचं चॉकलेट होत नाही.

बाजारात 'शुगर फ्री कंपाउंड'ही मिळतं. त्यात साखरेऐवजी बहुधा माल्टिटॉल असतं. त्याच्याबद्दल पुढे.

गूळ, मध, खजूर : 'नैसर्गिक' आहे म्हणून?

गुळाबद्दल आपल्याकडे एक हळवा कोपरा आहे, पण रक्तातल्या साखरेला तो माहीत नसतो. गूळ म्हणजे बहुतांश सुक्रोजच, म्हणजे साखरेचाच रेणू. सोबत थोडी खनिजं असतात, पण त्यांचा फायदा मिळावा इतका गूळ मधुमेही व्यक्तीने खाणं परवडणारं नाही. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे असतात. 'कोकोनट शुगर' नावाने महाग मिळणारी साखरही मुख्यतः सुक्रोजच.

खजुराची गोष्ट थोडी वेगळी. त्यात तंतू असतात, त्यामुळे साखर चढण्याचा वेग पांढऱ्या साखरेपेक्षा कमी असतो. म्हणून खजूर पूर्ण वर्ज्य नाही. पण 100 ग्रॅम खजुरात साधारण 65 ग्रॅम साखर असते. 9-10 ग्रॅमच्या एका बिनबियांच्या खजुरात ती 6 ग्रॅम भरते. दोन खजूर वाटून केलेल्या एका 'हेल्दी' चॉकलेट लाडवात 12 ग्रॅम साखर झाली, म्हणजे जवळपास अडीच-तीन चमचे. हा लाडू खायचा तर तो एक पोळी कमी करून, जेवणाच्या हिशेबात धरून खावा लागेल. डब्यावर 'शुगर फ्री' लिहिलेलं असलं की हा हिशेब कोणी करत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे.

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमांप्रमाणे घन पदार्थाला 'शुगर फ्री' म्हणायचं तर 100 ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर असता कामा नये. खजुराचं चॉकलेट या कसोटीच्या जवळपासही जात नाही. त्याला फार तर 'वरून साखर घातलेली नाही' असं म्हणता येईल.

मग गोडीसाठी काय?

इथे पर्याय बरेच आहेत आणि प्रत्येकाची एक खोड आहे.

माल्टिटॉल चॉकलेट करणाऱ्यांना आवडतं, कारण चव, वजन आणि पोत या तिन्ही बाबतीत ते साखरेच्या सगळ्यात जवळ जातं. कायद्याने ते साखरेत मोजलं जात नाही, ते 'पॉलिऑल' असतं. म्हणून त्याच्या पाकिटावर 'शुगर फ्री' लिहिणं नियमात बसतं. पण शरीर त्याचा काही भाग पचवून ग्लुकोज करतंच. साखरेचा ग्लायसेमिक इंडेक्स 65 च्या आसपास धरला जातो, माल्टिटॉलचा सुमारे 35. निम्मा आहे, शून्य नाही. उष्मांकही साखरेच्या निम्मे, ग्रॅमला साधारण 2. शिवाय न पचलेला भाग मोठ्या आतड्यात जातो आणि गॅस, पोटदुखी, जुलाब होऊ शकतात. पाकिटावर बारीक अक्षरात जुलाबाचा इशारा असतो तो यासाठीच. 'शुगर फ्री' चॉकलेटची अख्खी वडी एका बैठकीत संपवणाऱ्यांना हा इशारा आठवतो, पण बराच उशिरा.

एरिथ्रिटॉलही पॉलिऑलच, पण त्याचा बहुतेक भाग लहान आतड्यातून रक्तात जातो आणि तसाच लघवीवाटे बाहेर पडतो. त्यामुळे रक्तातली साखर जवळजवळ हलत नाही, उष्मांक नगण्य आणि पोटाला त्रासही कमी. गोडी साखरेच्या 60 ते 70 टक्के. तोंडात टाकल्यावर पेपरमिंटसारखा गारवा जाणवतो, कारण विरघळताना ते उष्णता शोषून घेतं.

एरिथ्रिटॉलबद्दल एक शंका मात्र उभी राहिली आहे. 2023 मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांच्या अभ्यासात, ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉलचं प्रमाण जास्त होतं त्यांच्यात हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताचं प्रमाणही जास्त आढळलं. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल तयार करतं, त्यामुळे चित्र गुंतागुंतीचं आहे. त्याच अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना 30 ग्रॅम एरिथ्रिटॉल पाण्यातून दिल्यावर ते दोन दिवसांहून जास्त काळ रक्तात वाढलेलं राहिलं. घरच्या चॉकलेटच्या एका तुकड्यात साधारण 2 ग्रॅम जातं, त्यामुळे घाबरून जाण्याचं कारण नाही. पण ज्यांना आधीच हृदयविकार आहे, स्टेंट बसवलेला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावं. आणि रोज चहा, खीर, केक असं सगळ्यात ते घालण्याची सवय कुणालाच नको.

स्टीव्हिया साखरेपेक्षा 200 ते 300 पट गोड. एफएसएसएआयने 2015 मध्ये त्याच्या अर्काला परवानगी दिली. रक्तातली साखर ते वाढवत नाही, पण जास्त झालं की ज्येष्ठमधासारखी कडवट-गोड चव जिभेवर रेंगाळते. आणखी एक पाहायचं : चिमूटभर स्टीव्हियाने पाकीट भरत नाही, म्हणून पुडीत भराव घातलेला असतो. तो भराव माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज असेल तर ती दोन्ही रक्तातली साखर झपाट्याने वाढवतात. घटकांची यादी वाचल्याशिवाय पुडी फोडू नये.

झायलिटॉलही मिळतं, पण घरात कुत्रा असेल तर ते आणूच नये. कुत्र्यांसाठी ते विष आहे. तसा कोकोही त्यांना घातकच.

जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्ये वजन कमी करण्यासाठी साखरेला पर्यायी गोडवे वापरू नका असा सल्ला दिला, तेव्हा तो बराच व्हायरल झाला होता. आधीपासून मधुमेह असलेल्यांना हा सल्ला लागू नाही आणि पॉलिऑल त्यात मोडत नाहीत, हे मात्र फॉरवर्डमध्ये कुठेच नव्हतं.

घरी करायचं तर असं

सगळ्यात सोपी वाट म्हणजे 85 टक्क्यांचं डार्क चॉकलेट विकत आणणं. त्यात 100 ग्रॅमला साधारण 15 ग्रॅम साखर असते. ते वितळवून त्यात तितकेच भाजलेले बदाम, शेंगदाणे किंवा भोपळ्याच्या बिया मिसळल्या की 10 ग्रॅमच्या तुकड्यात साखर एक ग्रॅमच्याही खाली येते. कृत्रिम काहीच नको असणाऱ्यांसाठी हा पर्याय उत्तम, फक्त कडू चवीची सवय हवी.

पूर्णपणे बिनसाखरेचं हवं असेल तर 100 ग्रॅम कोको बटर, 60 ग्रॅम साधी कोको पावडर, 50 ग्रॅम एरिथ्रिटॉल, 40 ग्रॅम भाजून बारीक तुकडे केलेले बदाम, चिमूटभर मीठ आणि वेलची पूड घ्यावी. याचे 10 ग्रॅमचे 25 तुकडे होतात. चव 85 टक्के डार्कच्या जवळची येते. आणखी गोड हवं असेल तर भराव नसलेली स्टीव्हियाची पूड अगदी चिमटीच्या टोकावर घेऊन चव बघत वाढवावी.

कोको पावडर आणताना 'ड्रिंकिंग चॉकलेट' घरी येणार नाही याची काळजी घ्यावी. डबे सारखेच दिसतात, पण ड्रिंकिंग चॉकलेटमध्ये निम्म्याहून जास्त साखर असते.

एरिथ्रिटॉलचे दाणे मिक्सरमध्ये पिठीसाखरेसारखे अगदी बारीक दळून मैद्याच्या चाळणीने चाळावेत. ही पायरी टाळली की चॉकलेट वाळूसारखं कचकचतं, कारण एरिथ्रिटॉल चरबीत विरघळत नाही. कारखान्यात चॉकलेटचे कण 20 मायक्रॉनच्या आसपास आणतात आणि साधारण 30 मायक्रॉनच्या वरचा कण जिभेला कळतो. मिक्सरमधून तितकं बारीक निघत नाही, त्यामुळे किंचित रवाळपणा राहणारच. बदामाचे तुकडे तो झाकतात.

पातेल्यात दोन बोटं पाणी गरम करून वर कोरडं भांडं ठेवावं आणि त्यात कोको बटर वितळवावं. पाणी खदखदू देऊ नये. मग चाळलेला कोको आणि एरिथ्रिटॉल थोडं थोडं घालत ढवळावं. या सगळ्यात पाण्याचा थेंबही आत जाता कामा नये. वाफेचा एक थेंब किंवा ओला चमचा पुरतो. कोकोचे कण एकमेकांना चिकटतात आणि पातळ मिश्रणाचा क्षणात गोळा होतो. म्हणूनच पाण्यातलं द्रवरूप स्टीव्हिया, दूध, मध किंवा पाण्यावर आधारलेला इसेन्स इथे चालत नाही.

आता तापमान. कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारांनी गोठू शकतं आणि त्यातला पाचवा प्रकार हवा असतो. तो 34 अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून हातात टिकतो आणि तोंडात विरघळतो. तो मिळवण्यासाठी मिश्रण 45 ते 50 अंशांपर्यंत तापवायचं, ढवळत 27-28 पर्यंत खाली आणायचं आणि पुन्हा 31-32 पर्यंत नेऊन साच्यात ओतायचं. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल थर्मामीटर असला की जमतं. मुंबई-कोकणात मे महिन्यात खोलीच 33 अंशांवर असते, तेव्हा एसी लावल्याशिवाय हा खटाटोप करू नये. हे सगळं टाळून थेट फ्रीजमध्ये सेट केलं तरी खायला काही हरकत नाही; चकाकी आणि कडक मोड येणार नाही, काही दिवसांनी वर पांढरट डाग दिसतील. ती बुरशी नसते, वर आलेली चरबी असते.

रील्समध्ये कोको बटरऐवजी खोबरेल तेल वापरतात. ते 24 अंशांनाच वितळतं, म्हणजे आपल्या हवेत चॉकलेट फ्रीजबाहेर काढल्यावर काही मिनिटांत बोटांवर. त्यात संपृक्त चरबीही कोको बटरपेक्षा बरीच जास्त. मधुमेहाबरोबर कोलेस्टेरॉलची गोळी चालू असणाऱ्यांनी हा बदल करू नये.

मिल्क चॉकलेटसारखी चव हवी म्हणून दूध पावडर घालायची असेल तर घालावी, पण हिशेबात धरून. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत निम्मं लॅक्टोज असतं, आणि तीही साखरच. 30 ग्रॅम घातली तर सगळ्या घाण्यात 15 ग्रॅम साखर वाढली.

साखर नाही, पण उष्मांक?

वरच्या कृतीत तंतू आणि एरिथ्रिटॉल वगळता एका तुकड्यात कर्बोदकं जेमतेम पाऊण ग्रॅम येतात. मिल्क चॉकलेटच्या 5 ग्रॅमपुढे हा मोठा फरक आहे. पण उष्मांक? एका तुकड्यात सुमारे 50 किलोकॅलरी. 10 ग्रॅम मिल्क चॉकलेटमध्येही जवळपास तेवढेच असतात, कारण साखर काढली तिथे चरबी आली आणि चरबीत ग्रॅममागे साखरेच्या दुपटीहून जास्त उष्मांक असतात. चार तुकडे म्हणजे 200, म्हणजे तूप लावलेल्या दीड-दोन पोळ्या. टाइप 2 मधुमेहात वजन हा अर्धा लढा असतो, त्यामुळे दिवसाला एक, फार तर दोन तुकडे, तेही जेवणानंतर.

जर्मनीत अनेक वर्षं दुकानांत 'मधुमेहींचं चॉकलेट' वेगळ्या कप्प्यात मिळायचं. त्यात साखरेऐवजी बहुधा फ्रुक्टोज असायचं, चरबी भरपूर, किंमत जास्त. 2010 मध्ये तिथल्या सरकारने मधुमेहींच्या खास पदार्थांचा नियमच काढून टाकला आणि 2012 पर्यंत ते दुकानांतून हटवायला सांगितलं, कारण अशा पदार्थांचा रुग्णांना वेगळा फायदा नाही असं तज्ज्ञांचं मत झालं होतं. आपल्याकडच्या 'डायबेटिक फ्रेंडली' डब्यांनाही हे लागू पडावं.

डार्क चॉकलेटने मधुमेह टळतो या बातमीचंही तसंच. 'बीएमजे'मध्ये डिसेंबर 2024 मध्ये आलेल्या अमेरिकी अभ्यासात आठवड्याला पाच किंवा अधिक वेळा डार्क चॉकलेट खाणाऱ्यांमध्ये टाइप 2 मधुमेहाचा धोका 21 टक्के कमी दिसला. मिल्क चॉकलेटमध्ये तसं दिसलं नाही. पण हा निरीक्षणांवर आधारलेला अभ्यास होता, आणि तो मधुमेह होण्याबद्दल होता, झालेला बरा होण्याबद्दल नाही.

मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी कोको आणि सुकामेवा दोन्हींबद्दल डॉक्टरांशी बोलावं, कारण दोन्हींत पोटॅशियम आणि फॉस्फरस बऱ्यापैकी असतं.

आपल्याला चालतं का, हे कसं कळणार?

ग्लुकोमीटर घरात असेल तर त्याच्याइतका खरा साक्षीदार नाही. चॉकलेट खाण्याआधी एकदा आणि दोन तासांनी एकदा साखर तपासावी, तीही इतर काही न खाता. चरबीमुळे साखर उशिरा चढते, म्हणून अर्ध्या तासाने बघून 'काही वाढली नाही' असं ठरवू नये. एकाच चॉकलेटने दोघांच्या साखरेत वेगवेगळा फरक पडू शकतो.

घरगुती चॉकलेट विकणाऱ्यांना एफएसएसएआयची नोंदणी लागते, आणि डब्यावर घटक लिहिणं हा फक्त कागदी सोपस्कार नाही. 'शुगर फ्री' या दोन शब्दांपेक्षा 'माल्टिटॉल आहे' किंवा 'एका तुकड्यात दोन खजूर' एवढं लिहिलेलं असेल तर मधुमेही व्यक्तीला स्वतःचा हिशेब करता येतो. लिहिलेलं नसेल तर विचारावं. उत्तर 'सगळं नॅचरल आहे' असं आलं तर डबा पाहुण्यांसाठी ठेवावा.

साखर अचानक उतरली तर हे चॉकलेट देऊ नका

इन्सुलिन घेणाऱ्यांची किंवा ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर कधी कधी एकदम खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं, चिडचिड होते. ग्लुकोमीटरवर 70 च्या खाली आकडा दिसतो. अशा वेळी घरातलं कुणीतरी घाईघाईत हाताशी असलेलं चॉकलेट देतं. बिनसाखरेचं चॉकलेट इथे काहीच कामाचं नाही. साधं, साखरेचं चॉकलेटही उपयोगी नाही, कारण त्यातली चरबी साखर रक्तात जायला उशीर लावते आणि इथे तर मिनिटं मोजायची असतात.

अशा वेळी तीन चमचे साखर किंवा 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायला द्यावं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं, आकडा 70 च्या वर आला नसेल तर तेवढंच पुन्हा द्यावं. सावरल्यावर काहीतरी खायला द्यावं. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही न घालता, एका कुशीवर वळवून थेट रुग्णालयात न्यावं. चॉकलेटचा डबा आणि ग्लुकोजची पुडी दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात, आणि कुठली कधी वापरायची ते घरातल्या मुलांनाही सांगून ठेवावं.